विसरलेला इतिहासकार, बहिरी केलेली ग्रंथी आणि एक वही (दीर्घ धागा)

इ.स.पू. ९१ च्या सुमारास चीनच्या हान दरबारातील एका अधिकाऱ्याने आपल्या मित्राला पत्र लिहिले. मित्राचे नाव रेन आन. तो स्वतः तुरुंगात मृत्युदंडाची वाट पाहत होता. पत्रलेखकाचे नाव सिमा छ्यान, चिनी इतिहासलेखनाचा जनक.

त्या पत्रात तो आपली अवस्था सांगतो. घरी बसले की मन हरवल्यासारखे होते, काहीतरी गमावल्याचे वाटत राहते. बाहेर पडले तर पाऊल कुठे निघाले आहे हेच ठाऊक नसते. झालेल्या अपमानाची आठवण आली की पाठीवर घाम फुटून वस्त्र भिजते.

सात वर्षांपूर्वी सम्राट वू याच्या आज्ञेने त्याचे खच्चीकरण झाले होते. गुन्हा इतकाच की शत्रूला शरण गेलेल्या ली लिंग या सेनानीची बाजू त्याने भर दरबारात घेतली. पैसे भरून शिक्षा टळू शकत होती, पण घरात तेवढे पैसे नव्हते. आत्महत्या हा त्या काळच्या कुलीन माणसाचा मार्ग होता. हातातला ग्रंथ अपुरा राहील म्हणून त्याने तो नाकारला आणि शस्त्राखाली गेला. जखम भरेपर्यंत अशा कैद्यांना उबदार, वारा न लागणाऱ्या खोलीत ठेवीत. तिला रेशीमकिड्यांची कोठी म्हणत.

दोन हजार वर्षांनंतर हे पत्र वैद्यकशास्त्राच्या इतिहासाजवळ ठेवून वाचले की एक वेगळाच प्रश्न उभा राहतो. हरवलेपण, दिशा न सुचणे, अचानक फुटणारा घाम. पुरःस्थ ग्रंथीच्या, म्हणजे प्रोस्टेटच्या, कर्करोगासाठी वर्षानुवर्षे संप्रेरक-उपचार घेणारे आजचे कितीतरी पुरुष जवळपास याच शब्दांत आपली तक्रार मांडतात.

येथे सावध राहणे आवश्यक आहे. पत्रावरून रोगनिदान करता येत नाही. सिमा छ्यान स्वतः या सर्वांचे कारण लज्जा हे देतो, आणि लज्जेनेही माणूस हरवतो, घामाघूम होतो. शिवाय जुन्या चिनी गद्यात दुःखाची वर्णने ठरावीक साच्यात येतात. तरीही प्रश्न पुसला जात नाही: पुरुषाच्या शरीरातून टेस्टोस्टेरॉन काढून घेतले तर त्याच्या स्मरणशक्तीचे काय होते?

या प्रश्नाला इतिहास वाटतो तितका जुना नाही. उलट तो आश्चर्य वाटावे इतक्या उशिरा विचारला गेला.

अठराव्या शतकात जॉन हंटर या शस्त्रवैद्याने नोंदवून ठेवले होते की खच्ची केलेल्या जनावरांमध्ये पुरःस्थ ग्रंथी आक्रसते. ही नोंद दीर्घकाळ निरुपयोगी कुतूहल म्हणून पडून होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वाढलेल्या ग्रंथीवर उपाय म्हणून काही शल्यविशारदांनी वृषण काढून पाहिले. कर्करोगाशी याचा संबंध जोडला तो शिकागो विद्यापीठातील चार्ल्स हगिन्स याने.

हगिन्स मूळचा कॅनडातील हॅलिफॅक्सचा, जन्म १९०१. तो कुत्र्यांच्या पुरःस्थ ग्रंथीतून स्रवणाऱ्या द्रवाचा अभ्यास करीत होता. म्हाताऱ्या कुत्र्यांना या ग्रंथीच्या गाठी होतात, आणि प्रयोगात त्यांचा अडथळा येऊ लागला. पण वृषण काढले किंवा स्त्री-संप्रेरक टोचले की ग्रंथी आक्रसू लागते, हे त्याच्या लक्षात आले. ज्या गोष्टीमुळे मूळ काम अडले तीच पुढे मुख्य काम झाली.

१९४१ साली हगिन्स आणि त्याचा सहकारी क्लॅरेन्स हॉजेस यांचा निबंध प्रसिद्ध झाला. हाडांपर्यंत पसरलेल्या कर्करोगाच्या रुग्णांमध्ये वृषण काढल्यावर रक्तातील ॲसिड फॉस्फेटेज हे विकर झपाट्याने खाली येते, आणि पुरुष-संप्रेरक टोचले तर वर चढते, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखवले. त्याच वर्षीच्या पुढच्या निबंधात प्रगत अवस्थेतील २१ रुग्णांचा वृत्तांत होता. हाडांच्या वेदनेने अंथरुणाला खिळलेली माणसे उठून बसू लागली होती. कर्करोग हा स्वयंभू, कोणाचेही न ऐकणारा शत्रू आहे ही समजूत त्या वर्षी मोडली. त्याला शरीराच्या एका रसायनाचा आधार लागत होता. (मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले तेही १९४१ सालीच. केवळ योगायोग, पण तारखा लक्षात ठेवणाऱ्यांच्या सोयीचा.)

नोबेल पारितोषिक मिळायला १९६६ साल उजाडले.

शस्त्रक्रियेला पर्याय म्हणून गोळीही लवकरच आली. १९३८ साली लंडनच्या चार्ल्स डॉड्स याने सहकाऱ्यांसह डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल हे कृत्रिम स्त्री-संप्रेरक बनवले होते आणि त्याचे एकस्वही घेतले नव्हते. औषध स्वस्त, परिणाम नेमका. पण अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून १९६० पासून झालेल्या मोठ्या चाचण्यांनी १९६७ साली वेगळीच बाजू समोर आणली: रोज ५ मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी काहींचा कर्करोग आटोक्यात राहिला, पण ते हृदयविकाराने गेले.

मधल्या काळात आणखी एका दिशेने शोध चालू होता. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस एक संदेश-रसायन सोडतो. ते पिट्युटरी ग्रंथीला पोहोचते, आणि पिट्युटरी वृषणांना कामाला लावते. हे रसायन इतके अल्प असते की ते वेगळे काढण्यासाठी अँड्र्यू शॅली याच्या चमूला लाखाहून अधिक डुकरांच्या मेंदूंचे तुकडे लागले. १९७१ मध्ये त्याची रचना उलगडली. १९७७ मध्ये शॅली आणि त्याचा कडवा प्रतिस्पर्धी रोजे गिलेमिन यांना नोबेलमध्ये वाटा मिळाला. गिलेमिनने मेंढ्या वापरल्या होत्या.

आता यातली गंमत. हे रसायन थोड्या-थोड्या वेळाने, ठोके पडावेत तसे सुटते, तेव्हा पिट्युटरी ते ऐकते. तेच सतत ओतत राहिले तर पहिले काही दिवस ती जोरात काम करते आणि मग चक्क बहिरी होते. दारावर कोणी थांबून-थांबून टकटक केली तर घरातले उठतात. घंटा अखंड वाजत राहिली तर तिची तार काढून टाकतात. या बहिरेपणावर आधारलेली ल्यूप्रोलाइडसारखी इंजेक्शने १९८० च्या दशकात आली. महिन्याने, तीन महिन्यांनी, पुढे सहा महिन्यांनी एक सुई, आणि टेस्टोस्टेरॉन खच्चीकरणाच्या पातळीवर. शस्त्राचा डाग नाही, औषध थांबवले तर परतीची वाटही उघडी, निदान तत्त्वतः. उतारवयात ती वाट लांब असते. थांबवल्यावर टेस्टोस्टेरॉन वर यायला कित्येक महिने लागतात, आणि काहींच्या बाबतीत ते पुरते परत येतच नाही. भारतात आजही अनेक रुग्ण खर्चाच्या कारणाने इंजेक्शनांऐवजी एकदाच होणारी शस्त्रक्रिया निवडतात. त्यांच्यासाठी परतीचा प्रश्नच उरत नाही.

१९९७ साली मिशेल बोला आणि सहकाऱ्यांनी युरोपातील ४१५ रुग्णांच्या चाचणीचा निष्कर्ष मांडला. नुसत्या किरणोपचारानंतर पाच वर्षांनी ६२ टक्के रुग्ण जिवंत होते. किरणोपचारासोबत तीन वर्षे संप्रेरक-उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ७९ टक्के होते. हा फरक प्रचंड होता. यानंतर दीर्घ उपचार हा अपवाद न राहता प्रघात झाला.

आणि म्हणूनच स्मृतीचा प्रश्न पुढे आला. हगिन्सचे रुग्ण मरणाच्या दारातून परतले होते; त्यांना कोणी शब्दांच्या याद्या पाठ करायला सांगितल्या नाहीत. आता हजारो पुरुष वर्षानुवर्षे या उपचारावर जगत होते. कोणी नोकरी करीत होते, कोणी गाडी चालवत होते, कोणी नातवंडांना शाळेतून आणत होते. कोणी म्हणे, खोलीत आलो आणि कशासाठी आलो ते आठवेना. कोणी म्हणे, वाक्य अर्ध्यात सुटते. डॉक्टरांचे उत्तर बहुधा एकच असे: सत्तरी आली, व्हायचेच.

‘वय झाले’ हे दोन शब्द वैद्यकाच्या इतिहासात किती तक्रारी गिळून बसले आहेत, याचा स्वतंत्र धागा होईल.

२००२ साली ऑस्ट्रेलियातील हेदर ग्रीन आणि सहकाऱ्यांनी हा प्रश्न नीट मांडला. ८२ पुरुषांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गटांत वाटले. काहींना औषधे, काहींवर केवळ बारकाईने लक्ष. सहा महिन्यांनी औषध घेणाऱ्या ५० पैकी २४ जणांची कामगिरी एका तरी मानसिक चाचणीत लक्षणीय घसरली होती. निव्वळ लक्ष ठेवलेल्या गटात एकाचीही नाही.

अभ्यास लहान होता. मात्र त्या दिवसापासून ‘हे तुमच्या मनाचे खेळ आहेत’ असे म्हणणे अवघड झाले.

मग पुढे काय? सरळ रेषेत चालणारा इतिहास आवडणाऱ्यांची येथे निराशा होईल. टोरांटोतील शब्बीर अलीभाई यांच्या चमूने रुग्णांना ३६ महिन्यांपर्यंत तपासले आणि सातत्याने दिसणारी घसरण त्यांना आढळली नाही. २०१४ साली १४ अभ्यास एकत्र तोलले गेले, तेव्हा स्पष्ट घट एकाच प्रकारात दिसली: डोळ्यांनी पाहून हातांनी करायच्या, आकार आणि जागा यांच्या कामांत. २०१५ साली फ्लोरिडातील एका अभ्यासाने पुन्हा उलट कौल दिला: उपचारावरील पुरुषांत सहा आणि बारा महिन्यांनी बौद्धिक कमतरता अधिक जणांत आढळली.

स्मृतिभ्रंशाबद्दलही असेच झाले. अमेरिकेतील १,५४,०८९ वृद्ध रुग्णांच्या नोंदी तपासून २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संप्रेरक-उपचार घेतलेल्यांपैकी २१.६ टक्क्यांना पुढे स्मृतिभ्रंशाचे निदान झाले, न घेतलेल्यांपैकी १५.८ टक्क्यांना. हे आकडे भीतिदायक वाटतात. पण उपचार घेणारे मुळात अधिक वयाचे आणि अधिक आजारी असतात. ते फरक हिशेबात धरल्यावर जोखीम साधारण एक-पंचमांशाने अधिक उरली. त्याआधी ब्रिटनमधील नोंदींवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात तर संबंधच सापडला नव्हता. जुन्या नोंदी चाळून काढलेला संबंध आणि कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे वेगळे सांगायला नको.

आतल्या यंत्रणेचा काही भाग मात्र बऱ्यापैकी ठाऊक आहे. स्मृती घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पसमध्ये पुरुष-संप्रेरकांचे ग्राहक असतात. टेस्टोस्टेरॉनचा काही अंश पुरुषाच्याही शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि मेंदू तेही वापरतो. उपचाराने दोन्ही आटतात. शिवाय रात्री अंगातून गरम वाफा निघतात, झोप मोडते, रक्तातील हिमोग्लोबिन उतरते, थकवा आणि उदासी येते. यांपैकी एकेक गोष्टही माणसाला विसराळू करायला पुरेशी असते. म्हणून ‘संप्रेरकामुळे विसरतो’ आणि ‘झोप न झाल्याने विसरतो’ यांतली सीमारेषा प्रयोगशाळेतही पुसट राहते.

इतिहासप्रेमी येथे एक हमखास आक्षेप घेतात. खोजांनी तर साम्राज्ये चालवली! सत्तरीच्या घरातला नार्सेस ५५२ साली इटलीत गॉथांचा पराभव करतो. खंबायतला हाती लागलेला मलिक काफूर १३०७-०८ मध्ये देवगिरीवर चालून येतो, रामदेवराय यादवाला दिल्लीला धाडतो आणि पुढे थेट मदुरेपर्यंत धडक मारतो. अशा मोहिमांची आखणी विसराळू माणसाला जमेल काय?

आक्षेप बिनतोड दिसतो, पण त्यात दोन भोके आहेत. एक, बखरी आणि तवारिखा यशस्वी खोजांचीच नावे सांगतात. जनानखान्याच्या देवडीवर आयुष्य घालवलेल्या हजारोंची स्मृती कशी होती, याची नोंद कोणी ठेवली नाही. दुसरे, यांपैकी बहुतेकांचे खच्चीकरण लहानपणी होई. त्यांचा मेंदू त्याच अवस्थेत वाढला.

याचे सर्वांत बोलके उदाहरण सुन याओतिंग. १९०२ चा जन्म, आठव्या वर्षी बापाच्या हातून खच्चीकरण, पुढे शेवटचा चिनी सम्राट पुयी याच्या महालात चाकरी. १९९६ मध्ये तो वारला. म्हातारपणी त्याने जिया यिंगहुआ या चरित्रकाराला महालातल्या जीवनाच्या तपशीलवार आठवणी सांगितल्या. जन्मभर टेस्टोस्टेरॉनविना जगलेल्या माणसाची स्मृती इतिहासाचे साधन झाली. बीजिंगमध्ये १९६० साली २६ माजी खोजांची वैद्यकीय तपासणीही झाली होती. त्यांपैकी २१ जणांची पुरःस्थ ग्रंथी हाताला लागत नव्हती. तपासणी मूत्ररोगतज्ज्ञांची, शोध ग्रंथीचा होता.

म्हणून आजच्या रुग्णाची तुलना करायचीच तर ती सुन याओतिंगशी नको. चाळिशीच्या आसपास किंवा पुढे, प्रौढ, घडलेल्या मेंदूनिशी हे ज्याच्या वाट्याला आले, त्या सिमा छ्यानशी हवी.

आता निभावण्याचा भाग. हे कौशल्य कुठून आले, याचाही इतिहास आहे, आणि तो रणांगणावर सुरू होतो.

पहिल्या महायुद्धात मेंदूला इजा झालेल्या जर्मन सैनिकांसाठी कुर्ट गोल्डश्टाइन याने फ्रँकफर्टला काम केले. दुसऱ्या महायुद्धात अलेक्सांद्र लुरिया याने सोव्हिएत सैनिकांसाठी. लुरियाचा लेव झासेत्स्की नावाचा रुग्ण डोक्यात गोळी लागल्यावर वाचणे, दिशा, स्वतःचा भूतकाळ, सगळेच गमावून बसला होता. त्याने वर्षानुवर्षे रोज थोडे-थोडे लिहून सुमारे तीन हजार पाने भरली. या परंपरेतून आलेला विचार असा: गेलेली क्षमता ओढून परत आणण्यापेक्षा तेच काम दुसऱ्या वाटेने कसे होईल ते शोधावे. कर्करोगाच्या रुग्णाचा त्रास त्या सैनिकांच्या तुलनेत अगदी सौम्य असतो, पण हत्यारे त्याच घराण्यातली.

कर्करोगाच्या दालनात ती आणली प्रामुख्याने स्त्रियांनी. स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्ण १९९० च्या दशकात मोठ्याने बोलू लागल्या की केमोनंतर डोके धुक्यात असल्यासारखे वाटते. त्यांच्या आग्रहातून संशोधन झाले, आणि अमेरिकेत रॉबर्ट फर्ग्युसन व टिम आल्स यांनी त्यांच्यासाठी स्मृती आणि अवधान सांभाळण्याचा प्रशिक्षणक्रम २००७ साली मांडला. पुरुष त्या मानाने गप्प राहिले. या उपचाराचे इतर परिणामच असे की त्यांविषयी घरातही बोलणे जड जाते. त्यात विसराळूपणाची कबुली कोण देणार?

जे बोलले त्यांतला एक ठळक आवाज रिचर्ड वॉसरसग याचा. हा जीवशास्त्रज्ञ स्वतः हा उपचार घेत होता, आणि त्याने ते उघडपणे लिहिले. खोजांचा इतिहास त्याने आत्मविश्वासाचा आधार म्हणून वाचला, आणि २०१४ साली दोन सहकाऱ्यांसह रुग्ण व त्यांच्या जोडीदारांसाठी मार्गदर्शक पुस्तक काढले. तो शिकवत होता हॅलिफॅक्सच्या विद्यापीठात, हगिन्सच्या जन्मगावी.

या साऱ्यांतून जमलेले उपाय साधेच आहेत. सर्व नोंदींसाठी एकच वही, आणि ती एकाच जागी. दहा चिठ्ठ्या दहा ठिकाणी ठेवल्या तर विसरण्याच्या जागा दहा होतात. गोळ्यांसाठी वारांचे खण असलेली डबी, फोनवर गजर. किल्ल्या, चष्मा, पासबुक यांच्या जागा ठरलेल्या. एका वेळी एकच काम. बँकेचे, हिशेबाचे, कागदपत्रांचे काम ज्या प्रहरी डोके ताजे असते त्या प्रहरी. डॉक्टरांकडे जाताना सोबत कोणीतरी, आणि सांगितलेले तिथल्या तिथे लिहून घेणे. नवख्या रस्त्यावर गाडी चालवताना जास्त सावधपणा, कारण जागेचे भान हेच अधिक ढळते असे अभ्यास सुचवतात.

घरच्यांना सांगणे हा उपाय यादीत बहुधा शेवटी लिहितात. तो पहिला हवा. पत्नीने सकाळी सांगितलेली गोष्ट दुपारी पुन्हा विचारली गेली तर ती दुर्लक्ष समजते, आणि कडूपणा साचतो. कारण कळले की तीच गोष्ट दोघांचे काम होते.

व्यायामाचा पुरावा बरा आहे. कॅनडात १५५ पुरुषांवर झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, बारा आठवडे वजने उचलण्याच्या व्यायामाने या उपचारातला थकवा कमी झाला. थकवा उतरला, झोप सुधारली की डोके आपोआप हलके होते. विसरणे वाढले तर हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, साखर आणि उदासी हे सर्व तपासून घेणे शहाणपणाचे, कारण यांतल्या कित्येक गोष्टींवर इलाज आहे. काही रुग्णांना डॉक्टर मधूनमधून विश्रांती देणारी उपचारपद्धती सुचवू शकतात. काहींना वेगळे औषध देता येते. २०१९ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले डॅरोल्युटामाइड मेंदूत तुलनेने फार कमी शिरते. हा निर्णय मात्र तज्ज्ञांसोबतच घ्यायचा. सुई मनाने चुकवली तर १९४१ पूर्वीचा कर्करोग परत समोर उभा राहतो.

सिमा छ्यानकडे यांपैकी काहीच नव्हते. त्याच्याकडे बांबूच्या पट्ट्या होत्या. शिक्षेनंतर तो महालात सचिव झाला आणि ग्रंथ पुरा केला: १३० प्रकरणे, त्याच्याच मोजणीनुसार ५,२६,५०० अक्षरे. त्यांत १० प्रकरणे निव्वळ कोष्टकांची. कोणत्या राज्यात कोणत्या वर्षी काय घडले ते एका नजरेत सापडावे अशी आखणी. इतक्या विस्तृत प्रमाणावर इतिहास कोष्टकांत मांडणारा चीनमधला तो पहिलाच.

ग्रंथाच्या दोन प्रती केल्या आणि त्या कुठे राहतील तेही लिहून ठेवले: एक पर्वतात जपून, दुसरी राजधानीत. त्याच्या मुलीचा मुलगा यांग युन याने पुढे, सम्राट शुआनच्या काळात, तो ग्रंथ लोकांसमोर आणला.